डॉक्टर तेच, सिमेंट तेच; मग एक टिकले, एक का निघाले?

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी मी एकाच बैठकीत दोन दात भरून घेतले. एक खालची दाढ. तिच्या चावण्याच्या बाजूला कीड होती. दुसरा वरचा, सुळ्याच्या मागचा दात. ब्रशने जोरजोरात घासून त्याला हिरडीलगत खाच पडली होती. दोन्हीकडे दाताच्या रंगाचे सिमेंट भरले. दाढेतले आजही जसेच्या तसे आहे. हिरडीलगतचे मात्र दोन वर्षांच्या आत, एका सकाळी चूळ भरताना निघून आले. डॉक्टर तेच, माल तोच, दिवसही तोच. मग फरक कशाचा? – एक वाचक, बार्शी

उत्तर : फरक सिमेंटचा नाही, सिमेंट आणि दात यांच्या मधल्या थराचा आहे. दवाखान्यात त्याला 'बॉन्ड' म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही, बिलावर बहुधा वेगळा लिहिला जात नाही, पण फिलिंगचे आयुष्य बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

आपण ज्याला सरसकट 'सिमेंट' म्हणतो ते दाताच्या रंगाचे फिलिंग म्हणजे कंपोझिट. रेझिनमध्ये काचेची अतिसूक्ष्म पूड मिसळून ते बनवतात. हे रेझिन आपणहून दाताला धरत नाही. त्याला पाण्याचे वावडे आणि दात तर कायम ओला. म्हणून दोघांना बांधून ठेवणारा मध्यस्थ लागतो, तो म्हणजे बॉन्ड. आता या मध्यस्थाला तुमच्या दोन दातांत काय मिळाले ते पाहू.

दाताचे बाहेरचे कवच इनॅमलचे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. ते कोरडे करता येते आणि त्यावर आम्ल लावले की पृष्ठभाग एकसारखा खरखरीत होतो. आतला डेंटिनचा थर अगदी निराळा. त्यात खनिज सुमारे ७० टक्के, कोलॅजनसारखी सेंद्रिय द्रव्ये २० टक्के आणि उरलेले १० टक्के पाणी. शिवाय डेंटिनमधून असंख्य बारीक नळ्या दाताच्या नसेपर्यंत जातात. कवचाजवळ दर चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २० हजार, तर नसेजवळ ४५ हजारांच्या घरात. या नळ्यांत द्रव असतो आणि आतल्या दाबामुळे तो सतत बाहेर झिरपू पाहतो. म्हणजे डेंटिन वरून कितीही पुसले तरी खालून ओल येतच राहते.

तुमच्या दाढेतल्या खड्ड्याला चारही बाजूंनी इनॅमलची कड होती. बॉन्डने ती घट्ट धरली आणि आतल्या डेंटिनपर्यंत बाहेरचे पाणी पोहोचू दिले नाही. शिवाय खड्ड्याच्या भिंतींचाही आधार होता. हिरडीलगतच्या खाचेची गोष्ट वेगळी. तिची वरची कड इनॅमलवर असली तरी खालची कड मुळावर, आणि मुळावर इनॅमल नसतेच. खाच बशीसारखी उथळ, तिला भिंती नाहीत. फिलिंगची सगळी भिस्त बॉन्डवर. त्यात हिरडीच्या कडेतून पाझरणारा द्रव आणि श्वासाची वाफ. भरीला आणखी एक अडचण : वर्षानुवर्षे उघडे पडलेले डेंटिन स्वतःचा बचाव करते. नळ्यांची तोंडे खनिजाने बुजतात आणि पृष्ठभाग पिवळसर, चकचकीत, काचेसारखा गुळगुळीत होतो. अशा डेंटिनमध्ये आम्लही नीट शिरत नाही, मग बॉन्ड कुठून शिरणार?

नवा बॉन्ड कितपत टिकतो हे रुग्णांवर तपासताना जगभरचे संशोधक नेमक्या याच खाचा निवडतात. इथे आकाराचा आधार नसल्याने फिलिंग टिकले तर ते श्रेय बॉन्डचेच आणि पडले तर तो दोषही त्याचाच. तुमच्या तोंडात त्या दिवशी नकळत तीच परीक्षा झाली.

प्रश्न : आमच्या वडिलांच्या दाढेत चांदी भरली होती, ती तीस वर्षे टिकली. तिला कुठला बॉन्ड लावला होता? मग आताच त्याची गरज का? – एक वाचक, मिरज

उत्तर : चांदी, म्हणजे अमाल्गम, दाताला चिकटलेली नसायचीच. ती अडकवलेली असायची. डॉक्टर खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी किंचित रुंद कोरत, म्हणजे भरलेली चांदी बाहेर निघू शकत नसे. पण त्यासाठी किडीबरोबर दाताचा चांगला भागही कापावा लागे. कड मात्र काळानुसार आपोआप बुजत असे, कारण अमाल्गम थोडे गंजते आणि तो गंज फटीत साचतो.

कंपोझिटमध्ये चांगला दात कापावा लागत नाही. कीड काढली की जेवढा खड्डा राहील तेवढाच भरायचा. पण फट आपोआप बुजण्याची सोय त्यात नाही. उलट घट्ट होताना कंपोझिट आकाराने साधारण दोन-तीन टक्के आक्रसते. म्हणजे निळ्या लाइटखाली पहिल्या काही सेकंदांतच ते दातापासून दूर ओढले जाऊ लागते. तो ताण बॉन्डने सोसला तर कड बंद राहते, नाही तर फट पडते. म्हणूनच चांगले डॉक्टर खोल खड्डा एका दमात भरत नाहीत. दोन-दोन मिलिमीटरचे थर देतात आणि प्रत्येक थर वेगळा पक्का करतात. एकाच वेळी चार मिलिमीटरपर्यंत भरता येणारे 'बल्क फिल' कंपोझिट आता मिळते. तेही पद्धतशीर वापरावे लागते.

आता चांदीकडे परतणे जवळजवळ संपले आहे. अमाल्गममध्ये पारा असतो; पाऱ्याचा वापर घटवण्यासाठी झालेल्या मिनामाटा कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि युरोपीय संघात तर १ जानेवारी २०२५ पासून, मोजके वैद्यकीय अपवाद वगळता, अमाल्गम वापरणे बंद झाले. यापुढे दात भरणे म्हणजे मुख्यतः चिकटवणे हेच. म्हणून या थराविषयी रुग्णांनाही माहिती हवी.

प्रश्न : डॉक्टर आधी निळी जेल लावतात, धुतात, मग काहीतरी ब्रशने चोळतात, वारा मारतात आणि निळा लाइट धरतात. या प्रत्येक पायरीत काय घडते? – एक वाचक, फोंडा

उत्तर : निळी जेल म्हणजे ३५ ते ३७ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल. ही कल्पना मायकेल बुओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याची. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल लावतात हे त्यांना माहीत होते. हेच दातावर का करू नये, असे त्यांच्या मनात आले. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर येथे काम करताना त्यांनी इनॅमलवर ८५ टक्क्यांचे आम्ल अर्धा मिनिट लावून पाहिले आणि त्यावर ॲक्रिलिक कितीतरी पट घट्ट बसते हे १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. आजचे सारे चिकट दंतवैद्यक त्या एका निबंधातून सुरू झाले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए हे रेझिन तयार केले. १९६२ मध्ये त्याचे पेटंट झाले आणि आजच्या कंपोझिटचा पाया पडला.

इनॅमलवर आम्ल १५ ते ३० सेकंद ठेवतात. धुऊन वाळवल्यावर तो भाग खडूसारखा पांढरा दिसला की काम बरोबर झाले. आम्लाने झालेल्या काही मायक्रॉन खोल छिद्रांत बॉन्ड शिरतो आणि तिथेच कडक होतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

डेंटिनवर हेच आम्ल १५ सेकंदांपेक्षा जास्त ठेवत नाहीत. आम्ल खनिज विरघळवते आणि मागे उरते कोलॅजनच्या धाग्यांचे जाळे. ओले असेपर्यंत ते पाण्यातल्या शेवाळासारखे फुललेले असते. पाणी पूर्ण काढून घेतले की बाहेर काढलेल्या शेवाळासारखे एकमेकांना चिकटून चपटे होते. मग त्यात बॉन्डला शिरायला वाव राहत नाही. त्यामुळे धुतल्यावर डेंटिन ना ठणठणीत कोरडे करायचे, ना पाण्याचा थर ठेवायचा. नुसते ओलसर ठेवायचे. या ओलसरपणाचे महत्त्व १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नीट समजले. फिलिंगनंतर काही दिवस दात झिणझिणतो किंवा चावताना कळ येते, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असते : जाळे चपटे झाले, नळ्यांची तोंडे उघडी राहिली आणि चावताना आतला द्रव हलला.

त्या जाळ्यात बॉन्ड शिरून कडक झाला की डेंटिन आणि रेझिन यांचा मिश्र थर तयार होतो. जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये तो दाखवून दिला आणि त्याला 'हायब्रिड लेअर' हे नाव रूढ झाले. त्याची जाडी असते जेमतेम तीन ते पाच मायक्रॉन. सगळे फिलिंग त्याच्या जोरावर उभे असते.

ब्रशने चोळतात तो हाच बॉन्ड. त्यात रेझिनबरोबर ॲसिटोन, अल्कोहोल किंवा पाणी असते. ते रेझिनला ओल्या जाळ्यात आत नेते आणि मग त्याने उडून जायला हवे. वारा मारतात तो यासाठी. ही पायरी घाईत उरकली तर द्रावक आतच अडकतो आणि थर कच्चा राहतो. मग येतो निळा लाइट. बहुतेक बॉन्डमध्ये कॅम्फरक्विनोन असते. ते ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश सर्वांत जास्त शोषते आणि रेझिन घट्ट होऊ लागते. लाइटचे टोक दूर किंवा तिरके धरले, लाइट जुना होऊन मंदावला असेल, तर वरून घट्ट वाटणारे फिलिंग तळाशी कच्चे राहू शकते.

प्रश्न : एकदा पक्के चिकटले, तर नंतर सुटते कसे? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : चोवीस तासांनी प्रयोगशाळेत ओढून पाहिले तर बहुतेक आधुनिक बॉन्ड उत्तम गुण मिळवतात. खरा कस लागतो तो काही वर्षांनी. कारणे मुख्यतः दोन.

पहिले कारण पाणी. डेंटिन ओले, म्हणून बॉन्डमध्ये पाण्याशी जमवून घेणारी 'हेमा'सारखी द्रव्ये घालावी लागतात. तीच द्रव्ये नंतर पाणी शोषत राहतात. रेझिन फुगते आणि त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात. जो गुण चिकटताना उपयोगी पडतो, तोच टिकण्याच्या आड येतो.

दुसरे कारण खुद्द दातातच दडलेले आहे. डेंटिनमध्ये कोलॅजन तोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, निद्रिस्त असतात. आम्लामुळे ती उघडी पडतात, जागी होतात आणि ज्या धाग्यांभोवती रेझिन पोहोचलेले नाही ते धागे कुरतडू लागतात. यात जंतूंची गरज नसते. डेव्हिड पॅशली यांच्या अमेरिकेतल्या गटाने २००४ मध्ये हे दाखवले तेव्हा या क्षेत्राची नजरच बदलली. विकरांना रोखण्यासाठी आम्लानंतर क्लोरहेक्झिडिन लावून पाहिले गेले. प्रयोगशाळेत निकाल आशादायक आले, पण रुग्णांवरच्या चाचण्यांत ठळक फायदा दिसला नाही. म्हणून आजही उत्तम उपाय एकच : आम्ल जेवढे खोल गेले तेवढाच खोल बॉन्डही पोहोचला पाहिजे. एकही धागा उघडा राहता कामा नये.

प्रश्न : बॉन्ड अनेक प्रकारचे असतात असे ऐकतो. सर्वांत टिकाऊ कोणता? – एक वाचक, पुणे

उत्तर : ढोबळ प्रकार दोन. पहिल्यात आधी आम्ल लावून धुतात आणि मग बॉन्ड लावतात. दुसऱ्यात बॉन्डच सौम्य आम्लधर्मी असतो; तो खनिज थोडे विरघळवतो आणि त्याच वेळी आत शिरतो. दुसऱ्या प्रकारात धुणे नाही, म्हणून जाळे चपटे होण्याची भीती कमी आणि कळ येण्याची शक्यताही कमी. मात्र सौम्य आम्ल इनॅमलवर तोकडे पडते. त्यामुळे फक्त इनॅमलच्या कडेला फॉस्फोरिक आम्ल आणि डेंटिनवर थेट सौम्य बॉन्ड, अशी मिश्र पद्धत आज बरेच डॉक्टर पसंत करतात.

हिरडीलगतच्या खाचांवरचे अनेक वर्षांचे अभ्यास एकत्र पाहिले तर दिसते की वेगवेगळ्या बाटल्यांतून पायरीपायरीने लावायचे जुने तीन पायऱ्यांचे बॉन्ड आणि दोन पायऱ्यांचे सौम्य बॉन्ड टिकाऊपणात वरचढ आहेत. सगळे एकाच बाटलीत घालून वेळ वाचवणारे सुरुवातीचे बॉन्ड, विशेषतः तीव्र आम्लाचे, मागे पडले. सौम्य बॉन्डच्या यशात मोठा वाटा एमडीपी या रेणूचा आहे. जपानच्या कुरारे कंपनीत तो तयार झाला. तो डेंटिनमध्ये शिरतो, शिवाय दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंधही जोडतो. गेल्या पंधरा-एक वर्षांत आलेल्या 'युनिव्हर्सल' बॉन्डपैकी बहुतेकांत तो असतो.

हिरडीलगतच्या खाचेसाठी आणखी एक पर्याय आहे : ग्लास आयोनोमर. लंडनच्या ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९७२ मध्ये जगापुढे आणलेले हे सिमेंट बॉन्डशिवाय दाताला चिकटते आणि फ्लोराइडही सोडते. झीज आणि दिसणे यांत ते कंपोझिटच्या मागे आहे, पण अशा खाचांत पडून जाण्याचे त्याचे प्रमाण सर्वांत कमी गटात आहे. बार्शीच्या वाचकांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांशी याविषयी जरूर बोलावे.

तरीही नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. चांगला बॉन्डही लाळेचा किंवा हिरडीच्या रक्ताचा थेंब लागला तर हरतो. बाटलीचे झाकण उघडे राहिले तर द्रावक उडून जातो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटल्या योग्य तापमानात ठेवाव्या लागतात. दात कोरडा ठेवण्याचे उत्तम साधन आजही रबर डॅम आहे. न्यूयॉर्कच्या सॅनफोर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये ते पहिल्यांदा वापरले. रबराचा पातळ पडदा दाताभोवती ताणून बसवतात. दात तेवढा बाहेर, लाळ आत.

प्रश्न : पुढच्या दातातल्या फिलिंगच्या कडेला तपकिरी रेघ आली आहे. बॉन्ड सुटला का? सगळे काढून नवे भरावे का? – एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : नुसती रेघ म्हणजे कीड नव्हे. चहा, पान, तंबाखू यांचा डाग कडेच्या बारीक उंचवट्यावर धरतो आणि अनेकदा पॉलिशने जातो. कड मऊ लागत असेल, फटीत तपासणीच्या अवजाराचे टोक अडकत असेल किंवा एक्स-रेत खाली काळसर भाग दिसत असेल, तर आत काय आहे ते पाहावे लागते. तेव्हाही बऱ्याचदा बिघडलेला तेवढाच भाग काढून, जुने कंपोझिट खरखरीत करून त्यावर नवा बॉन्ड आणि नवे कंपोझिट बसवता येते. सगळे फिलिंग उकरताना दर वेळी थोडा चांगला दातही जातो. म्हणून दुरुस्ती शक्य असेल तर दुरुस्तीच बरी.

तुमच्या जिल्ह्यासाठी एक मुद्दाम सांगतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या भागांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे असतात आणि त्या इनॅमलवर आम्लाचा परिणाम कमी होतो. अशा दातांना आम्ल जास्त वेळ लावावे लागते किंवा वरचा थर किंचित घासून घ्यावा लागतो. तुमचे बालपण कुठे गेले, हे डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : फिलिंग टिकावे म्हणून आम्ही काय करायचे? – अनेक वाचक

उत्तर : दाढांमधल्या कंपोझिटच्या दीर्घ अभ्यासांत दरवर्षी शंभरातली साधारण दोन फिलिंग निकामी होतात असे दिसते. म्हणजे दहा वर्षांनीही बहुतांश जागेवर असतात. जी जातात त्यांची मोठी कारणे दोन : कडेला पुन्हा लागलेली कीड आणि तडा. पहिल्यावर तुमचा ताबा आहे. ज्यांच्या तोंडात कीड वारंवार लागते त्यांची फिलिंग लवकर जातात, बॉन्ड कितीही भारी असला तरी.

मऊ ब्रश वापरा आणि आडवे खसाखसा घासू नका. मशेरी पूर्ण सोडा. तंबाखूमुळे कर्करोगाचा धोका आहेच, शिवाय ती चोळून चोळून दात झिजतात. रात्री दात खात असाल तर ते सांगा. दुखऱ्या दातावर लवंगाचे तेल लावत असाल तर तेही सांगा. त्यातले युजेनॉल रेझिन घट्ट होण्यात अडथळा आणते. दात पांढरे करून घेतले असतील तर फिलिंगआधी साधारण दोन आठवडे जाऊ द्या, कारण दातात उरलेला ऑक्सिजन बॉन्डला कमजोर करतो. फिलिंग निघाले तर दुखत नाही म्हणून थांबू नका आणि घरातला गोंद लावून ते बसवू नका. तो गोंद तोंडासाठी नाही आणि त्याखाली कीड झाकली जाते.

आणि खुर्चीत बसल्यावर 'डॉक्टर, लवकर आटपा' म्हणू नका. आम्ल धुणे, डेंटिन ओलसर ठेवणे, बॉन्ड चोळणे, वारा मारणे, लाइट धरणे या प्रत्येक पायरीला तिचे सेकंद लागतात, आणि मधे तोंड मिटले की सगळे पुन्हा करावे लागते. रबर डॅम लावणार का, असे विचारायला संकोच करू नका. तो लावला तर कुरकुर न करता लावू द्या. महागडे कंपोझिट मागण्यापेक्षा ती दहा-पंधरा मिनिटे शांतपणे दिलीत तर फिलिंगच्या आयुष्यात जास्त भर पडेल.